नोरोन्हांचे मूळ गाव

इंग्रजी अमदानीतील जुनी कागदपत्रे चाळणाऱ्या वऱ्हाडी माणसाला एक चकवा हमखास लागतो. सूचीत 'बासीम' शोधायला जावे, तर त्याच्या शेजारीच 'बसीन' उभे असते. पहिले म्हणजे आपले वाशीम, वाकाटकांच्या धाकट्या शाखेचे वत्सगुल्म. दुसरे म्हणजे पोर्तुगीज जिला 'बसाईं' म्हणत ती वसई. पुढे 'कारंजा' शोधावे तर तिथेही तेच. एक कारंजा वाशीम जिल्ह्यातले, लाडांचे आणि नृसिंहसरस्वतींचे. दुसरे पोर्तुगीजांचे 'करांजा', म्हणजे मुंबईसमोरचे उरणचे बेट. परक्या लिपीत शिरले की नावांचे काय होते, याचा हा घरचाच नमुना.

या दोन 'बासीमां'चा संबंध केवळ स्पेलिंगपुरता आहे असेही नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो वसईला. त्या तहातून जे युद्ध उद्भवले, त्यात पुढच्याच वर्षी आडगाव आणि गाविलगड पडले आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला. वाशीम त्याच मुलखात होते. वसईत झालेल्या एका सहीने वाशीमचा धनी बदलला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. असो. या लेखाचा विषय तह नाहीत, आडनावे आहेत. परंतु 'बासीम'च्या पोटी 'बसीन' सापडावे, तसेच आडनावांच्या बाबतीतही एकाच्या पोटी दुसरे आणि दुसऱ्याच्या पोटी तिसरे सापडत जाते.

प्रश्न असा. वसई, मुंबई, गोवे, मंगळूर या पट्ट्यात नोरोन्हा, मिनेझिस, सालढाणा, आल्बुकर्क अशी आडनावे आहेत. आपण त्यांना सरसकट 'पोर्तुगीज आडनावे' म्हणतो. ती पोर्तुगीजांनीच आणली, हे खरे. परंतु ती मूळची पोर्तुगालची नाहीत. नोरोन्हा हे नाव स्पेनच्या उत्तरेकडील आस्तुरियास प्रांतातील नोरेन्या या लहानशा गावावरून आले. मिनेझिसचे मूळ कास्तीलमधील पालेन्सिया प्रांतातले मेनेसेस दे कांपोस. त्याच प्रांतातले साल्दान्या हे सालढाण्यांचे गाव. आणि आल्बुकर्कांचे गाव पोर्तुगालच्या सीमेलगत, पण आजही स्पेनमध्ये असलेले आल्बुर्केर्के. स्पॅनिश गावाच्या नावात एक 'र' अधिक आहे. पोर्तुगीजांनी तो वाटेत गाळला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये १७०६ साली वसलेल्या शहराला तिथल्या स्पॅनिश व्हाइसरॉयच्या, म्हणजे आल्बुर्केर्केच्या ड्यूकच्या नावावरून नाव मिळाले. तिथेही तो 'र' पुढे गळालाच. एकाच किल्ल्याचे नाव एका बाजूने मांडवीच्या काठी आणि दुसऱ्या बाजूने रिओ ग्रांदेच्या काठी गेले आणि दोन्हीकडे सारखेच झिजले.

ही गावे पोर्तुगीज घराण्यांच्या नावात कशी शिरली हे पाहण्यासारखे आहे. कास्तीलच्या दुसऱ्या हेन्री राजाचा एक अनौरस पुत्र नोरेन्याचा काउंट होता. त्याचे लग्न पोर्तुगालच्या फर्नांदो राजाच्या मुलीशी झाले आणि त्याची मुले पोर्तुगालात जाऊन स्थिरावली. तिथे ती 'नोरेन्याची' म्हणून ओळखली जाऊ लागली. पोर्तुगीज उच्चारात त्याचे 'नोरोन्हा' झाले. पोर्तुगालच्या दिनिश राजाचा अनौरस मुलगा आफोन्सो सांचेस हा आल्बुर्केर्केच्या किल्ल्याचा धनी होता. त्याच्या वंशात ते नाव रुळले आणि त्या नात्याने पुढे २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे जिंकणाऱ्या आफोन्सोकडे आले. या नावांच्या आधी जो 'द' लागतो, तो आपल्या 'कर' प्रत्ययाचे काम करतो, एवढे ध्यानात घेतले की सगळा मामला मराठी कानाला परिचित वाटू लागतो. द नोरोन्हा म्हणजे नोरेनकर. आता हे 'नोरेनकर' बार्देशातल्या भातशेतीवर आणि वसईच्या केळीच्या बागेत कसे आले, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधायचे तर चर्चच्या वह्या उघडाव्या लागतात.

या वह्यांची जन्मकथा थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण ती ठाऊक नसेल तर त्यांतल्या नोंदी चुकीच्या वाचल्या जातात. इटलीत ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहासंबंधी एक निर्णय दिला. चोरून लावलेली लग्ने थांबावीत म्हणून प्रत्येक धर्मगुरूने लग्नांची वही ठेवावी, असे त्यात सांगितले होते. त्याच निर्णयात बाप्तिस्म्याचाही उल्लेख आला, आणि तो आला तोही लग्नाच्याच काळजीने. बाप्तिस्म्याच्या वेळी जे धर्मपिता आणि धर्ममाता उभे राहतात, त्यांच्याशी मुलाचे आणि त्याच्या आईबापांचे आध्यात्मिक नाते जुळते, आणि नातेवाइकांत लग्न निषिद्ध. तेव्हा उद्या घोटाळा नको, म्हणून धर्मगुरूने त्या दोघांची नावे लिहून ठेवावीत. म्हणजे ज्या माहितीसाठी आज आडनावांचा अभ्यासक या वह्यांवर जीव टाकतो, ती माहिती आडनावांसाठी नव्हे, सोयरीक जुळवताना अडचण येऊ नये म्हणून नोंदली गेली. आपल्याकडे लग्न ठरवताना गोत्र विचारतात, त्यातलाच हा प्रकार. पोर्तुगालने ट्रेंटचे निर्णय लगोलग स्वीकारले आणि गोव्याची पहिली प्रांतिक धर्मपरिषद १५६७ साली भरली. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील एकूण माणसांची नोंद अशा पाच वह्यांचे नमुनेच घालून दिले.

आता तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहा. गोवे घेतले १५१० साली. वसई गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांच्या हवाली केली डिसेंबर १५३४ मध्ये. तिसवाडीतील देवळे पाडली गेली ती १५४० च्या सुमारास. वह्यांचा नियम झाला १५६३ साली. म्हणजे ज्या पहिल्या पिढीने नाव बदलले, तिच्यातील पुष्कळ जण वहीच्या आधीचे आहेत. वही सुरू होते तेव्हा 'पेद्रु द नोरोन्हा' हा आधीच पेद्रु द नोरोन्हा झालेला असतो. त्याचा बाप कोण होता, हे ती सांगत नाही. चर्चची वही हाती लागली की मूळ पुरुष सापडलाच, अशी अनेकांची समजूत असते. ती येथे कोसळते.

दुसरी अडचण वहीच्या आतली. बाप्तिस्म्याची जुनी नोंद साधारण अशी असते: अमुक दिवशी अमक्या वाड्यावरील अमुक आणि त्याची बायको अमुक यांच्या मुलाला मी बाप्तिस्मा दिला, त्याचे नाव आंतोनियु ठेवले, धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक, खाली सही. मुलाचे आडनाव नाही! पोर्तुगीज रिवाजात बाळाला वहीत फक्त पहिले नाव मिळे. आडनाव तो मोठेपणी, बहुधा लग्नाच्या नोंदीत, धारण केलेले दिसे. ते बापाचे असे, कधी आईचे, कधी आजोबांचे. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी आणि बहिणींची आणखी वेगळी, हे पोर्तुगालातही सर्रास होते. त्यामुळे आजचे आडनाव घेऊन मागे जाणारा अभ्यासक दोन-तीन पिढ्यांतच चाचपडू लागतो. त्याला बाप्तिस्म्याची नोंद लग्नाच्या नोंदीशी, लग्नाची मृत्यूशी, आणि या साऱ्या नोंदी वाड्याच्या नावाशी जुळवत जावे लागते. खरा धागा असतो तो वाडा. माणसाचे नाव बदलले, पण वाड्याचे फारसे बदलत नाही.

मग नोरोन्हा हे नाव देणारा कोण? बहुधा तो तिसरा माणूस, ज्याची नोंद सोयरिकीच्या भीतीने झाली तो धर्मपिता. नवख्रिस्ती प्रौढाला बाप्तिस्मा देताना जो धर्मपिता उभा राही त्याचे, किंवा ज्याच्या आश्रयाने तो धर्मात आला त्याचे आडनाव घेण्याची पद्धत होती. याचे एक नामवंत उदाहरण वह्यांच्याही आधीचे आहे. गोव्यात सरकारी वसुलाचे मक्ते घेणारा लोकू नावाचा वजनदार ब्राह्मण १५४८ च्या सुमारास ख्रिस्ती झाला. गव्हर्नर गार्सिया द सा हा त्याचा धर्मपिता. लोकूचा झाला लुकश द सा. पहिले नाव घेताना जुन्या नावाचा ध्वनी जपला आणि आडनाव घेतले ते थेट गव्हर्नरचे! लुकशच्या धमन्यांत सा घराण्याच्या रक्ताचा थेंबही नव्हता. परंतु नावापुरता तो लिस्बनमधल्या उमरावांचा भाऊबंद झाला. त्या वेळी गोव्याच्या बिशपपदी असलेले जुआंव द आल्बुकर्क हे स्वतः स्पेनमध्ये, त्याच आल्बुर्केर्के गावी जन्मलेले फ्रान्सिस्कन होते, हेही या प्रकरणाला साजेसेच.

नोरोन्हा आणि मिनेझिस घराण्यांतील माणसे पोर्तुगीज हिंदुस्थानात एकामागून एक सत्तेवर येत गेली. आफोन्सो द नोरोन्हा १५५० ते १५५४ या काळात व्हाइसरॉय होता, आंतांव द नोरोन्हा १५६४ ते १५६८ या काळात. दुआर्ते द मिनेझिस १५२२ ते १५२४ गव्हर्नर होता, आणि आलेशु द मिनेझिस १५९५ पासून १६१२ पर्यंत गोव्याचा आर्चबिशप. सामुदायिक बाप्तिस्म्याच्या समारंभांना व्हाइसरॉय जातीने हजर राहत. कोन्स्तांतिनु द ब्रागांसाच्या कारकिर्दीत, १५५८ ते १५६१ या काळात, असे समारंभ मोठ्या थाटाने होत. अशा दिवशी एकाच वेळी अनेकांना नावे द्यायची असत, तेव्हा ती समोरच्या मानकऱ्यांकडून येणे स्वाभाविक होते. वसईकडे आणखी एक शक्यता संभवते. तिथली गावेच पोर्तुगीज उमरावांना आणि शिपायांना खंडाने तोडून दिलेली होती. सिमांव बोतेल्यु याने १५५४ साली तयार केलेल्या वसुलाच्या जाबत्यात कोणते गाव कोणाकडे याची नोंद आहे. गावाच्या खोताचे आडनाव त्याच्या कुळांनी उचलले असेल, तर ते नवल नव्हे.

या साऱ्यातून नोरोन्हा नावाचा प्रवास असा दिसतो: कास्तीलच्या राजाचा अनौरस मुलगा, त्याचे पोर्तुगालात वाढलेले वंशज, त्यांच्यापैकी गोव्यात आलेला व्हाइसरॉय, आणि त्याच्या किंवा त्याच्या कुणा नातलगाच्या साक्षीने पाण्याखाली मस्तक नमवणारा गावकर. चार टप्पे, आणि रक्ताचे नाते फक्त पहिल्या तिघांत.

चौथ्या टप्प्याच्या पलीकडे जायचे असेल, तर चर्च सोडून गावकरीकडे वळावे लागते. गोव्यातील गावच्या जमिनीचा कारभार गावकऱ्यांच्या संस्थेकडे होता. पोर्तुगीजांनी त्यांचे जुने रीतिरिवाज १५२६ च्या 'फोराल'मध्ये लिहून काढले. गावकरांचे 'वांगड' म्हणजे कुळांचे गट ठरलेले असत आणि उत्पन्नाचा वाटा, ज्याला 'जण' म्हणतात, तो वांगडाच्या हिशेबाने मिळे. धर्म बदलला म्हणून वाटा सोडायला कोणी तयार नव्हते, आणि सरकारलाही वसुलाशी मतलब होता. म्हणून गावकरीच्या कागदांत वांगड तोच राहतो आणि माणसांची नावे बदलतात. एका वांगडात कालपर्यंत प्रभू, नाईक, कामत होते, तिथे आज मिनेझिस आणि फर्नांडिस दिसू लागतात. चर्चच्या वहीत जो माणूस आभाळातून पडल्यासारखा अवतरतो, त्याचा बाप गावकरीच्या वहीत सापडण्याची आशा असते. मंगळूरकडे गेलेल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांनी आपले प्रभू, शेणै, कामत, नाईक हे मूळ उपनाव तोंडी परंपरेने जपले आहे, ते आजही लग्नाच्या बोलण्यांत निघते. एका परीने ट्रेंटच्या धर्मपरिषदेला जे टाळायचे होते तेच, म्हणजे आपसांतल्या आपसांत लग्न, टाळण्यासाठी हे बाप्तिस्म्यापूर्वीचे नाव उपयोगी पडले.

वसईला हे सुख नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि दोन शतकांचा पोर्तुगीज अंमल संपला. तहाने ख्रिस्ती रयतेला धर्मस्वातंत्र्य मिळाले, परंतु पोर्तुगीज अधिकारी आणि परदेशी धर्मगुरू निघून गेले. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन या चारही पंथांची मठ-मंदिरे ओस पडली. मराठी मुलखात राहिलेली ख्रिस्ती प्रजा पुढे एतद्देशीय धर्मगुरूंच्या हाती राहिली. गोव्यात १५९५ साली दियोगु द कोउतु याच्या देखरेखीखाली सरकारी दप्तरखाना सुरू झाला आणि त्याच परंपरेचे दप्तर आज पणजीत आहे. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताला असे सलग दप्तर लाभले नाही. म्हणूनच वसईचा इतिहास लिहिताना १८७६ साली गेर्सन द कुन्यांनी चर्चच्या वह्यांपेक्षा पडक्या देवळांतील थडग्यांवरचे शिलालेख अधिक वाचले. डॉ. कुन्या स्वतः गोमंतकीय, बार्देशातील हडफड्याचे. हेही एक 'उसने' आडनाव.

आणि तरीही वसईतच असा एक माणूस झाला, ज्याच्या आडनावात पोर्तुगाल आणि स्पेन यांची सरहद्द पुसली जाते. गोन्सालो गार्सिया. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा, बाप पोर्तुगीज आणि आई इथलीच अशी परंपरा. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे व्यापार केला आणि अखेर मनिलाला जाऊन स्पॅनिश फ्रान्सिस्कनांत सामील झाला. त्याला जपानी उत्तम येत असल्याने १५९३ मध्ये स्पॅनिश शिष्टमंडळाचा दुभाषी म्हणून तो हिदेयोशीच्या दरबारात उभा राहिला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आपल्या साथीदारांसह क्रुसावर गेला. १८६२ मध्ये पोप नवव्या पायस यांनी त्याला संत घोषित केले. त्याची कहाणी १६०१ साली बार्सिलोनात छापली गेली ती रिबादेनेइरा या स्पॅनिश मठवासीयाच्या ग्रंथात. गार्सिया हे नाव दोन्ही भाषांत एकाच रूपात चालते, आणि ते दोन्हींच्या आधीच्या बास्क भाषेतील 'अस्वल' या शब्दावरून आले असावे, असा एक तर्क आहे. वसईच्या या सुपुत्राला पोर्तुगीज म्हणावे, स्पॅनिश म्हणावे की कोकणी? त्याच्या नावावरून काहीच ठरत नाही.

मनिलाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तिथे स्पॅनिशांनी आडनावांचा प्रश्न अगदी निराळ्या रीतीने सोडवला. ख्रिस्ती झालेले फिलिपिनो 'द ला क्रूस', 'द लोस सांतोस' अशीच आडनावे घेत, आणि गावेच्या गावे सारख्या नावांची झाल्याने करवसुली आणि नोंदी यांचा बोजवारा उडाला. तेव्हा गव्हर्नर क्लावेरिया याने २१ नोव्हेंबर १८४९ रोजी फर्मान काढले आणि साठ हजारांच्या घरात आडनावे असलेली एक छापील सूची प्रांतोप्रांती धाडली. प्रत्येक कुटुंबाने तीतून नाव निवडायचे. काही ठिकाणी एका गावातील सगळी आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात, ती त्यामुळेच. तिथे आडनाव सरकारी यादीतून आले, इथे धर्मपित्याच्या तोंडातून. यादीतले नाव निदान कोणाच्या उपकाराचे तरी नव्हते.

या गोष्टीचा आणखी एक पदर आहे, आणि मला तो सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले कितीतरी ज्यू पोर्तुगालात आले. १४९७ साली त्यांचाही तिथे सक्तीने बाप्तिस्मा झाला. त्यांनीही रोड्रिग्ज, मेंदेस, हेन्रिकेस अशी चारचौघांसारखी आडनावे घेतली. 'कोलोकियुश' हा औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारा गार्सिया द ओर्ता हा अशाच स्पॅनिश ज्यू आईबापांचा मुलगा. तो मेल्यावर १५८० साली धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. म्हणजे जे आडनाव गोव्याच्या गावकऱ्याला नवा धर्म म्हणून मिळाले, ते त्याआधी पोर्तुगालातच कुणीतरी जुना धर्म झाकण्यासाठी पांघरलेले असू शकते. मूळ रॉड्रिग्ज कोण, हा प्रश्न तिकडेही सुटत नाही. 'रोद्रिगोचा मुलगा' एवढाच त्याचा अर्थ, आणि रोद्रिगो हे नाव तरी कुठले? स्पेनवर चालून आलेल्या जर्मानिक गॉथांचे.

इंग्रजी अमदानीत या नावांना आणखी एक कल्हई झाली. 'द सोझा', 'द मेलो' यांच्या मधे अपॉस्ट्रॉफी घालून 'डिसोझा', 'डिमेलो' झाले. पोर्तुगालात तसे कोणी लिहीत नाही. रोद्रिगेश कुठे 'रॉड्रिक्स' झाला. मराठीने आपल्या जिभेप्रमाणे लोपेशचा लोपीस केला, रोमांवचा रुमाव केला, आणि द आब्रेऊचे 'डाबरे' केले असे मानतात. हे शेवटचे रूप तर इतके देशी झाले आहे की ते साबळे, ढवळे यांच्या पंगतीत बसावे! मुंबई बेटातील आणि साष्टीतील मूळ ख्रिस्ती लोकांना गोमंतकीयांपासून आपले वेगळेपण दाखवायचे होते, पण आडनावे दोघांची तीच. म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे जमातीचेच नाव घेतले.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा काळ येईतो रीत पालटली होती. बाबा पदमनजी पदमनजीच राहिले, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळकही टिळकच राहिले. त्यामुळे टिळकांची 'मराठी' असण्याची सनद कोणी तपासली नाही. ती तपासली गेली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची. वसईजवळच्या नंदाखालचे, घरात सामवेदी बोली बोलणारे, 'सुवार्ता' मासिक चालवणारे आणि 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेले हे लेखक २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा निवडीला विरोध झाला, धमक्यांचे फोनही आले. विरोध धर्मगुरूपदाला होता असे म्हणता येईल. परंतु त्या दिवसांत पुष्कळांच्या तोंडी 'हे दिब्रिटो म्हणजे कुठले?' हाच प्रश्न होता. दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले.

त्या प्रश्नावर वाशीमच्या अंगणातूनच एक प्रतिप्रश्न विचारावासा वाटतो. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून वाशीमची नोंद आहे. त्या काळच्या आणि पुढच्या निजामी दप्तरातून आलेली मुजुमदार, इनामदार, जहागीरदार ही आडनावे सबंध वऱ्हाडात आहेत. फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस यांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. एखाद्या फडणिसाला आजवर कोणी 'तुम्ही मूळचे शिराझचे का?' असे विचारलेले नाही. दोन्हीकडे गोष्ट तीच घडली: सत्तेच्या भाषेतील एक शब्द घराच्या दाराला चिकटला. फडणिसाला तो हुद्द्याबरोबर मिळाला, दिब्रिटोंच्या पूर्वजाला बाप्तिस्म्याबरोबर. जोर-जबरदस्तीचा भाग दोन्हींत सारखा नव्हता, हे मान्य करूनही दाराआडचे घर कुणाचे, या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही.

जाता जाता एका आडनावाविषयी, जे पोर्तुगालातून नव्हे, खरोखरच स्पेनच्या बाजूने आले. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. तो नावारच्या राज्यातला, बास्क कुळातला. बापाचे नाव हुआन दे हास्सो, आई आस्पिलकुएता घराण्यातली. 'झेवियर' हे त्याच्या आईकडून आलेल्या गढीचे नाव, आणि ते बास्क भाषेतील 'एत्शे बेरी'वरून आले असे मानतात. एत्शे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवे. आज दक्षिणेपासून वसईपर्यंत हजारो घरांत ते पहिले नाव म्हणून आणि आडनाव म्हणूनही वापरात आहे. मराठीत करायचे तर ते 'नवघरे' होईल. आणि वसई रोड स्टेशनाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या वस्तीची जी नगरपालिका २००९ मध्ये महानगरपालिकेत विलीन झाली, तिचे नाव होते नवघर-माणिकपूर.